सतराचा पाना

चिमणी भंगारवाल्याकडे गेली होती ती इंजिनाचा जोर वाढवणारा जुना टर्बो बघायला. अपघातात चेपून मोडीत निघालेल्या एका डिझेल गाडीचा होता; तिच्या मागच्या सीटवर अजून एक इवलासा बूट पडलेला. तिनं आतलं चाक बोटानं फिरवून पाहिलं. ते न खरखरता फिरलं आणि तिची कळी खुलली. नवा घ्यायचा तर खिशाला परवडणारच नव्हता!

घरी दादाची जुनी गाडी उभी होती. चढ लागला की धापा टाकायची. "हिला टर्बो बसवतो, मग बघा कशी उधळते," असं दादा सारखा म्हणायचा. वहिनी म्हणायची, "आधी त्या गळक्या नळाला वॉशर बसवा." गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला. वहिनीला गाडी काही विकवेना. एके दिवशी तीच म्हणाली, "चिमणे, तू गॅरेजात कामाला. बसव ना गं तो टर्बो."

सुट्टीच्या दिवशी दोघी शेडमध्ये राबायच्या. चिमणी गाडीखाली, वहिनी शेजारी पाने द्यायला. जुन्या पायपांचे तुकडे जोडून, म्हाताऱ्या इंजिनाला झेपेल एवढाच दाब ठेवून काम उरकत आलं.

अशाच एका दुपारी अंधारून आलं होतं. धुक्यानं शेडच्या दारापलीकडचं काही दिसेना. जळक्या तेलाचा वास कोंडला होता. उताण्या पडलेल्या चिमणीनं न बघताच हात बाहेर काढला.

"वहिनी, दहाचा पाना दे."

हातात पाना आला. सतराचा.

"अगं, दहाचा!" तिनं तो खाली टाकला. पुन्हा सतराचाच आला.

"लक्ष कुठंय तुझं...?"

या वेळी पान्यासकट तिची मूठ कुणीतरी घट्ट मिटली. बोटं मोठी होती. गार.

तेवढ्यात घरातून हाक आली, "चिमणे, चहा टाकलाय! येतेस का?"

चिमणीनं हळूच मान वळवली. गाडीच्या कडेला पाय नव्हते... नुसती फरशी.

तिनं हातातल्या पान्याकडे पाहिलं. मग तिची नजर टर्बोला तेल पुरवणाऱ्या नळीच्या नटावर गेली. सतराचा नट. बोट लावलं तर तो बोटाबरोबर फिरला. आवळायचाच राहून गेला होता! चालत्या गाडीत ते तेल तापून लाल झालेल्या पायपावर सांडून भडका उडाला असता, आणि आत दोघी. त्याच सतराच्या पान्यानं तिनं तो आवळला.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. घाबरली नाही.

"हात... कसा होता गं?"

"गार."

वहिनीनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "ह्यांचा स्वेटर मी पेटीत घालून ठेवलाय. उगीच ठेवला."

संध्याकाळी दोघींनी गाडी बाहेर काढली. चढाला लागताच टर्बोनं बारीक शीळ घातली आणि गाडी अशी झेपावली, की वहिनी दचकून हसायलाच लागली. वर्षभरात पहिल्यांदा.

"उधळली की गं!"

परत आल्यावर टर्बो जरा निवू देऊन चिमणीनं इंजिन बंद केलं, दारं लावली. दोघी घराकडे वळल्या आणि वहिनी थबकली.

मागच्या काचेवर आतून वाफ धरत होती. विरत होती. पुन्हा धरत होती. गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी, संथ.

वहिनीनं काचेवर तळवा टेकला. "आलात...?"

चिमणीनं तिचं मनगट धरलं. "वहिनी... मागे हो."

त्या वाफेशेजारी, जरा खाली, आणखी एक ठिपका होता. तोही धरत होता, विरत होता. पण फार भरभर, लहान लेकराच्या श्वासासारखा.