मातीला विचारलं…

यवतमाळच्या बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्पिता एक कागद धरून उभी होती. लाइट नुकतीच जाऊन आली होती आणि मशीन गरम व्हायला वेळ लागत होता. कागद तिनं असा दुमडला होता की वरच्या दोनच ओळी दिसाव्यात. ही तिची सवयच. लॅबमध्ये ती दिवसभर लोकांचे रक्ताचे रिपोर्ट असेच दुमडून द्यायची, शेजारच्यानं वाचू नयेत म्हणून.

आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "ओढ्याला विचारलं, ओढा म्हणे — सांगत नाही…"

ही तिसरी ओळ होती. घडीच्या आत झाकलेली.

अर्पिता गर्रकन वळली. तिशीचा एक माणूस, खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं, हातात बिलबुक, आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखं हसू. निदान अर्पिताला तरी ते तसं वाटलं.

"तुम्हाला कशी माहीत ही कविता?"

"आमच्या बाईची होय जी. इमलबाईची."

"कोणत्या विमलबाई?"

"बोरटेकच्या. वणीकडं, खाणीपाशी हाये ना गाव… तिथं शाळेत होत्या." तो जरा अडखळला. "वारल्या म्हणे मागच्या साली."

"माझी आई होती ती."

त्याच्या खांद्यावरचं वेटोळं घसरून कोपरावर आलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "तुमी… अप्पू?"

आता मात्र अर्पिताच्या मनात पाल चुकचुकली. अप्पू हे घरातलं नाव. घराबाहेर ते कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तिनं कागद पर्समध्ये कोंबला, चेन ओढली आणि झेरॉक्स न काढताच बाहेर पडली.

मुळात अर्पिताचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती दोनदा वाचायची. मैत्रीण जया तिला म्हणायची, "तुझं लग्न ठरलं तर तू आधी पोराच्या रक्ताचा नमुना मागशील." पण या वेळी संशयाला कारण होतं. आईची नोकरी सगळी बोरटेकला गेली. शनिवारी संध्याकाळच्या बसनं ती यायची, सोमवारी उजाडायच्या आत जायची. अर्पिताच्या वाट्याला आई आली ती रविवारपुरती. आणि रविवारी दुपारी, अर्पिताचं डोकं मांडीवर घेऊन, आई ही कविता म्हणायची. तिची स्वतःची, एवढीशी, कुठंही न छापलेली कविता. आई गेल्यावर बोरटेकच्या खोलीतलं सामान टेम्पोनं आलं. गादी, शेगडी, दोन ट्रंका. कवितेची वही त्यात असणारच, असं तिला वाटलं होतं; ती काही आली नाही. अर्पितानं मग ती आठवून आठवून कागदावर उतरवली. आईचं बाकी सगळं जगाचं होतं, शाळेचं होतं. ही कविता तेवढी फक्त आपली, असं ती धरून चालली होती.

आणि आता हा वायरवाला! वही ह्याच्याकडेच असणार. दुसरं काय?

*

वाचनालयात येत्या रविवारी 'आवडती कविता' असा कार्यक्रम होता. ग्रंथपाल वामनरावांनी सोमवारी सगळ्यांना माइक बघून जा म्हणून सांगितलं होतं, कारण गेल्या वर्षी माइकनं कवींपेक्षा जास्त शिट्ट्या मारल्या होत्या. अर्पिता लॅबमधून पांढऱ्या ॲप्रनमध्ये तशीच गेली. स्टेजवर तोच वायरवाला गुडघ्यावर बसून स्पीकरला वायर जोडत होता. डब्यावर रंगवलेलं होतं, 'बबलू साउंड सर्व्हिस'.

तिनं वामनरावांना बाजूला घेतलं. "ह्यांचं खरं नाव काय?"

"बबलूच. बबलू हरिसिंग."

"म्हाये बापू हरिसिंग, फुलसावंगीकडचे," तो मान न वळवताच म्हणाला. कान चांगले होते त्याचे. "खाणीवर ट्रक चालवाले आले, अन् तिथंच राहिले. आधार कार्डावरबी बबलूच हाये, मॅडम. दाखवू?"

"काही गरज नाही," अर्पिता म्हणाली खरी, पण दाखवलं असतं तर तिनं पाहिलं असतं.

त्यानं माइक तिच्या उंचीला आणला. न विचारता, बरोबर. तिनं कागद उघडला आणि वाचायला लागली —

*पळसाआड कोण लपलं? पानांमागं कोण हसलं?*
*वाऱ्याला विचारलं, वारा म्हणे — ठाऊक नाही.*
*ओढ्याला विचारलं, ओढा म्हणे — सांगत नाही.*
*मातीला विचारलं, माती म्हणे —*
*भिऊ नको, मीच आहे, दुसरं कुणी नाही.*

"झालं," ती म्हणाली.

"झालं? एवढ्यात?" बबलू उठून उभा राहिला. "मॅडम, साखर किती अन् कोलेस्ट्रॉल किती, असं वाचून राहिल्या तुमी. हळू. वाऱ्याले इचारलं तं वाऱ्याले बोलू द्या ना. अन् 'मातीला विचारलं' — तिथं तं थांबाच लागते."

"तिथं थांबायचं नसतं."

"थांबा लागते."

"माझ्या आईची कविता आहे!"

"म्हणूनच सांगून राह्यलो." त्यानं तिच्या हातातल्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. माइकपासून हातभर लांब उभं राहून तो म्हणायला लागला. सावकाश, ओढ्यात पाय टाकून चालावं तसा. मातीला विचारलं… आणि तो थांबला. थांबूनच राहिला. वामनरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. हा ओळ विसरला की काय, असं अर्पिताला वाटलं. पण तो विसरला नव्हता. तो वाट बघत होता, कान देऊन, हसऱ्या डोळ्यांनी, आणि अर्पिताच्या हातावर उगाच काटा आला. मग तो म्हणाला, "माती म्हणे — भिऊ नको, मीच आहे, दुसरं कुणी नाही."

शेवटच्या ओळीला त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं पटकन स्पीकरकडे पाहिलं.

"नाटकी आहे," ती म्हणाली. "आई असं कधीच म्हणायची नाही. दर रविवारी ऐकलंय मी."

"रविवारी बंद राह्यते ना."

"काय बंद राहतं?"

तो फक्त हसला. "या एकदा बोरटेकले. दुपारी दोनच्या आत. रविवार सोडून."

"अच्छा! आणि वही?"

"कोणती वही?"

"सोंग नका घेऊ. आईची कवितेची वही."

त्याचं हसू मावळलं. "मॅडम… तिथंच या. मंग बोलू."

*

बुधवारी अर्पितानं सुटी टाकली. जयाला गाडीची वेळ, गावाचं नाव आणि बबलूच्या दुकानाचा पत्ता असं सगळं लिहून दिलं. वडिलांना, मारोतरावांना, तिनं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जाय. तुझ्या मायनं जन्म काढला तिथं, तू एक दिवस जाऊन ये." वही सापडली तर घेऊन यायची, नाही सापडली तर ह्याला चांगला फैलावर घ्यायचा, असा तिचा बेत होता. आणि ते ओळीवरचं थांबणं? त्याचा आपल्याशी काही संबंध नाही, असं ती स्वतःला बसमध्ये चार वेळा म्हणाली.

सोबत निघालेला बबलू पलीकडच्या सीटवर, मध्ये वाट सोडून बसला होता. बाहेर तुरीला पिवळा फुलोरा आला होता, आणि कापसात बाया वेचणीला वाकल्या होत्या.

तिनं परीक्षा घ्यायची ठरवली. "आई चहा कसा प्यायची?"

"बिनसाखरेचा."

अर्पिता जिंकली! घरी आईला दोन चमचे साखर लागायची. "साफ चूक," ती म्हणाली.

"घरी पेत असंन गोड. तिथं बाईची साखर आमच्या तोंडात जाये. कविता बिना चुकता म्हटली का एक चिमूट." तो खिडकीबाहेर पाहत बोलत होता. "म्या लय चिमट्या खाल्ल्या."

अर्पिताच्या मनात एकदम काहीतरी बोचलं. ह्याला आईची साखर मिळाली, रोज. आपल्याला रविवार. हेवा वाटावा अशी ही गोष्ट नव्हती, पण वाटला.

मग तिनं विचारलं, "आणि अप्पू? ते नाव कुठून कळलं?"

तो लाजला. चांगला तिशीचा गडी, कानापर्यंत लाल झाला. "दर सोमवारी बाई सांगत ना. अप्पूनं काल झाडाले राखी बांधली. अप्पूचा दात पडला. अप्पू पहिली आली… आमचा आख्खा वर्ग तुमाले ओळखे. मी तं…"

"तुम्ही तर काय?"

"वणी आली," तो म्हणाला. वणी यायला अजून चांगला अर्धा तास होता.

*

वणीहून शेअर ऑटोनं बोरटेकला पोचायला पावणेदोन झाले. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक पत्र्याची पडवी. पलीकडे, शेतांच्या मागं, खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर. पडवीत बाकड्यावर बसल्या बसल्या अर्पितानं कपाट बघितलं, त्याच्या वरची फळी बघितली. इथं वही असेल? इथं?

"कुठे आहे?" तिनं विचारलं.

"थांबा जराक."

"किती थांबायचं?"

"ते आपल्या हाती नसते," तो म्हणाला. इतकं चमत्कारिक उत्तर तिला आजवर कुणी दिलं नव्हतं. हा आपल्याला बनवतोय, ह्याची तिला खात्री झाली. पाच मिनिटांत ऑटो मिळाला तर परत जायचं, असं ठरवून ती उठलीसुद्धा.

तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला. लांबलचक. वर्गातली कुजबुज थांबली. आणि कुणी सांगितलं नाही, कुणी खूण केली नाही, तरी आतून तीस-चाळीस आवाज एकदम उठले —

"पळसाआड कोण लपलं…"

अर्पिता जागच्या जागी उभी राहिली.

पोरं घाई करत नव्हती. वाऱ्याला विचारत होती, वाऱ्याला बोलू देत होती. ओढ्याला विचारलं. दारातून दिसणारी पहिलीतली एक मुलगी दोन्ही हात जमिनीवर टेकून बसली होती, डोळे मोठ्ठे करून. मातीला विचारलं…

आणि सगळी थांबली.

एक क्षण. दोन. दहा. कुणी हललं नाही. अर्पिताचा श्वासही त्या ओळीवरच अडकला होता. मग जमिनीच्या पोटात कुठंतरी खोल धम्म झालं. पडवीचा पत्रा थरथरला, खिडकीचे गज वाजले, तिच्या तळपायातून गुडघ्यापर्यंत काहीतरी सरकत गेलं. आणि आतून, हसत, ओरडत —

"माती म्हणे — भिऊ नको, मीच आहे, दुसरं कुणी नाही!"

"सुरुंगाचे बार उडवतात खाणीत," बबलू हळूच म्हणाला. "दोनच्या सुमाराले. भोंगा होते, मंग कधी लवकर उडते, कधी उशिरा. लहानपणी आमी रडो. बाकाखाली घुसो. तं बाईनं हे कविता केली. भोंगा झाला का सुरू करा लागे, हळूहळू म्हणा लागे, अन् तिथं येऊन थांबा लागे. बार होईपर्यंत. मंग भेवच नाही राह्यलं. उलट उशीर झाला तं आमी मातीवर चिडो, बोल ना म्हणून." तो थांबला. "आता मोठे पोट्टे लहान्याईले शिकवतात."

"आणि रविवारी —"

"रविवारी बार नसते. घरी कायले थांबतीन बाई?"

अर्पितानं ओढणीनं तोंड झाकलं, पण रडू काही झाकलं गेलं नाही. आईनं तिच्यासाठी ठेवली होती ती बिनधक्क्याची कविता, आणि इथल्या लेकरांसाठी धक्क्याची. दोन्ही खऱ्याच होत्या. आणि वही?

"वही नव्हतीच, मॅडम. बाईनं लिहून नाई देल्ली कोणाले. म्हणे, लिहिली का तुमी डोयानं पळसान, कानानं थांबसान नाही."

म्हणजे तो चोर नव्हता. चोरायला काही नव्हतंच. कागदावर हे थांबणं उतरलंच नसतं. ते त्याला ठाऊक होतं, कारण तो इथं बसला होता, जमिनीवर हात टेकून.

"मला उगाच संशय आला तुमचा," ती म्हणाली.

"माहीत हाये. बाई सांगत, आमची अप्पू लय चौकस." आणि मग, रडता रडताच, तिला हसू आलं.

*

रविवारी वाचनालय भरलं होतं. अर्पिता कागद न घेताच माइकसमोर गेली. तिनं वाऱ्याला बोलू दिलं. ओढ्याला बोलू दिलं. मातीला विचारलं… आणि थांबली. खुर्च्या करकरल्या. "विसरली वाटतं पोरगी," कुणीतरी कुजबुजलं. वामनरावांनी काळजीनं बबलूकडे पाहिलं. बबलूनं एकाही बटणाला हात लावला नाही. तो मान खाली घालून, तळहात टेबलावर टेकून उभा होता. मारोतराव पहिल्या रांगेत होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग शेवटची ओळ म्हणाली. टाळ्या वाजायलाही जरा वेळ लागला.

लोक पांगल्यावर बबलू वायर गुंडाळायला लागला. अर्पितानं दुसरं टोक उचललं.

"मॅडम."

"अप्पू म्हटलं तरी चालेल."

तो वायरकडे बघतच म्हणाला, "बसमध्ये एक राह्यलं सांगाचं. वर्गात सगळेच ऐकत तुमच्याबद्दल. मी तं… मी तं सोमवारची वाट पाहो." वायरचे दोन वेढे पडले, तिसरा चुकला. "आता इचारूनच टाकतो. तुमच्या मनात… दुसरं कोणी हाये का?"

अर्पिता वायर हातात धरून नुसती उभी राहिली. वामनराव आतल्या खोलीत खुर्च्या मोजत होते. बबलूच्या कपाळावर घाम आला.

"काहून थांबल्या?" त्यानं कसंबसं विचारलं.

"तिथं थांबा लागते," ती म्हणाली. "पुन्हा विचार. हळू."

त्यानं मान वर केली. विचारलं मात्र नाही. मग तीच दोन पावलं जवळ आली आणि वायरचं टोक त्याच्या हातात देत म्हणाली,

"भिऊ नको. दुसरं कुणी नाही."