एकशेएकोणीस किलोंची ओळख

पठारी स्कूटर मिळाली तर संग्राम पोवारचा फायदा किती, ते आधी पाहून घेऊ. डाव्या गुडघ्याला रोजच्या अकरा किलोमीटर चढउतारातून सुटका. निनाईच्या पठारावर नऊ वस्त्या. त्यांतल्या चार वस्त्यांना तो कायम उन्हं कलल्यावर पोचायचा, तिथे आता सकाळीच पोचणार. म्हणजे माजावर आलेल्या गाईंचाही फायदा. आणि शेवटचा फायदा, जो तो कुणाला सांगत नव्हता पण जो बाकी सगळ्यांना एका पारड्यात घालून उचलेल इतका जड होता: ती स्कूटर धैर्यशील मगदूमला मिळणार नव्हती.

पेट्रोलपंप बंद होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. सपाटीवर विजेच्या गाड्या भरधाव धावत. पण पठारावरचा रस्ता म्हणजे जांभ्याचे दात. साधी विजेची स्कूटर शंभर किलोंच्या माणसासाठी बनवलेली. दूध संघाचे कृत्रिम रेतन सेवक संग्राम आणि धैर्यशील दोघंही माजी पैलवान. खुराक सुटला तरी भूक सुटली नव्हती. त्यातच द्रवरूप नायट्रोजनचा डबा पायांशी. वळूचं वीर्य त्यात गोठवून वस्त्यावस्त्यांवर न्यायचं. चढावर मोटर तापून बसायची, मग दोघंही आपापली गाडी ढकलत जायचे.

दोघं एकाच तालमीतले. आखाड्यात अकरा वेळा भिडले. नऊदा संग्रामची पाठ मातीला लागली, दोनदा पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. ‘त्या दोन्ही माझ्याच होत्या,’ हे संग्राम वीस वर्षं सांगत होता.

पठारी आणली डॉ. सुनेत्रा खांबेटे यांनी. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्या पदार्थशास्त्रज्ञ होत्या. चाचणीसाठी संघाला एकच स्कूटर द्यायची होती. तालमीच्या पटांगणात त्यांनी ती उभी केली तेव्हा संग्रामने सगळेच करतात तोच पहिला प्रश्न केला.

“पळती किती?”

“कमी पळते,” बाई म्हणाल्या. “जड माणसाने आणि खराब रस्त्याने वेग विचारूच नये. चढावर चाक किती जोराने फिरतं ते विचारा. टायर किती रुंद, पोट जमिनीपासून किती वर, सांगाडा किती किलो सोसतो, आणि एवढं ओझं घेऊन चढ चढल्यावर बॅटरी घरी पोचेपर्यंत उरते का, ते विचारा. पण हे सगळं दुसऱ्या गाड्यांतही मिळेल. हिच्यात नवीन आहे ते बैठकीखाली.”

त्यांनी झाकण उघडून राखाडी, थुलथुलीत गादी दाखवली.

“आत लोखंडाचे बारीक कण आहेत. तुम्ही बसलात की तुमच्या वजनाप्रमाणे ते रांगेत लागतात. पहिले चाळीस दिवस गादी मऊ असते. नंतर घट्ट होते आणि ती रांग कायमची राहते. दह्याला विरजण लावतो ना, तसं. आम्ही याला भारविरजण म्हणतो. एकदा लागलं की स्कूटर तुम्हाला अंगाने ओळखते. खड्डा यायच्या आधीच तिला ठाऊक असतं की हा माणूस कुठे कलेल, किती आदळेल. तेवढीच ती खाली दबते.”

“आणि दुसरा बसला तर?”

“दोनेक किलो इकडेतिकडे चालतात. त्याहून फरक पडला तर तिचा अंदाज चुकेल आणि ती माणसाला फेकेल. म्हणून ती मोटरच बंद करते. उलट ओळखीचा माणूस वाटेत जायबंदी झाला, नुसता हँडलवर आडवा पडला, तरी त्याला सावकाश घरी आणते. याला परतवाट म्हणतात.”

“बायकोपरीस गुणाची की!” धैर्यशील मागून म्हणाला. सगळे हसले. संग्राम हसला नाही, कारण पुढचं वाक्य त्याला ऐकायचं होतं.

“सांगाड्याची मर्यादा एकशेवीस किलो,” बाई म्हणाल्या. “एकशेतीसचा पुढच्या वर्षी येईल. परवा वजनं घेऊ.”

धैर्यशीलचं वजन होतं एकशे अठरा. संग्रामचं एकशे सत्तावीस. हिशेब सरळ होता, म्हणूनच संग्रामला तो मान्य नव्हता.

कुस्तीत खालच्या गटात घुसायचं तर पैलवान वजन उतरवतो. संग्रामने तेच केलं. दोन दिवस पाण्याचा थेंब नाही, भर उन्हात घोंगडं पांघरून पटांगणाला फेऱ्या, तोंडात लवंग धरून थुंकत राहायचं. बायको पल्लवी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “लग्नात शेरवानी बसंना, तवा एक लाडू सोडला न्हाईसा. आणि गाडीसाठी ह्ये?”

“गाडीसाठी न्हाई,” संग्राम म्हणाला, आणि त्याने घोंगडं परत पांघरलं.

काटा एकशेएकोणीसवर थांबला.

“नेहमीचं वजन हेच?” खांबेटेबाईंनी विचारलं.

“हेच की. लई वर्सं हेच.”

ज्याच्याकडे वस्त्या जास्त त्याला स्कूटर, असा संघाचा नियम होता. संग्रामकडे एक वस्ती जास्त होती. धैर्यशीलने त्याच्या पाठीवर थाप मारली. “जिंकलास गड्या. तब्येत झकास उतरवलीस.” त्याला सगळं कळलं होतं आणि त्याने तोंड उघडलं नाही, हे संग्रामला हरण्याहून जास्त लागलं.

खरी गंमत पुढे झाली. त्या चाळीस दिवसांत वजन एकशेवीसच्या वर गेलं असतं तर मोटर बंद पडली असती आणि खोटं उघडं झालं असतं. म्हणून संग्राम चाळीस दिवस अर्ध्या भाकरीवर राहिला. विरजण लागलं ते एका उपाशी, चिडलेल्या, पुढे झुकून बसणाऱ्या माणसाचं. एकेचाळिसाव्या दिवशी पल्लवीने तांबडा रस्सा केला. आठवडाभर संग्राम नुसता जेवला, आणि आठव्या दिवशी ढवळेवाडीच्या चढावर स्कूटर उभी राहिली. पडद्यावर दोनच शब्द उमटले: अनोळखी भार.

तिथून त्याने ती ढकलत तालमीपर्यंत आणली. कट्ट्यावर धैर्यशील बसला होता.

“बघू,” म्हणत तो सहज तिच्यावर बसला.

स्कूटर गुरगुरली, किंचित दबली, आणि पटांगणातल्या दगडांवरून अशी गेली जशी तव्यावरून लोण्याची गोळी. कट्ट्यावरचा एकजण म्हणाला, “संग्रामदादा, गाडी तुमची, पर सोयरीक ह्येंच्याशी जमली जणू!”

त्या दिवशी संग्राम जेवला नाही. खांबेटेबाईंना फोन करून खरं वजन सांगितलं असतं तर पुढच्या वर्षीचा मोठा सांगाडा त्याला मिळाला असता. पण मग ही गाडी जिकडे सोयरीक जमली तिकडेच गेली असती. तो एकशेएकोणीसवर परत आला आणि तिथेच राहिला. तरी चैन पडेना. संघाचा साहेब एकदा गमतीने म्हणाला होता, “दोघांनाही चालते तर आठवडा आठवडा वाटून घ्या.” गंमतच ती. पण संग्रामने ती उशाशी घेतली.

एका माणसाला स्कूटर न बसण्याचे दोन मार्ग असतात. स्कूटर बदलायची, नाहीतर माणूस.

पुढच्या रविवारी संग्रामने धैर्यशीलला जेवायला बोलावलं. मटण, वर तूप. मग दर रविवारी. मधल्या वारी खरवस, पेढे, चुलत्याकडच्या गुऱ्हाळातली काकवी. धैर्यशीलची बायको वारून तीन वर्षं झाली होती. तो हाताने भात शिजवून खायचा, आणि ताटात कुणी वाढलं की त्याला नाही म्हणता येत नसे.

“घे की. पैलवानासारखा जेव,” संग्राम म्हणायचा. त्याच्या स्वतःपुढे मात्र नुसता ताकाचा पेला.

“तू का न्हाई खाईत?”

“गाडीचं पथ्य हाय लेका.”

“वीस वर्सं वाटायचं, तुझ्या मनात माती हाय आजून,” धैर्यशील एकदा हात धुताना म्हणाला. “चुकलं माझं.”

पल्लवी स्वयंपाकघरातून सगळं पाहत होती. ती कुणाच्या ताटात किती पडतं ते चमच्यांनी मोजणारी बाई. एकदा म्हणाली, “एवढं माझ्या भावाला कधी वाढलं न्हाईसा.” सहा महिन्यांत धैर्यशील एकशे एकतीस झाला. तालमीच्या दारात तो परत एकदा पठारीवर बसला. पडद्यावर उमटलं: अनोळखी भार. संग्रामला त्या रात्री गाढ झोप लागली.

धैर्यशीलची स्कूटर जुनी, शंभर किलोंच्या माणसासाठी केलेली. एकशे अठरा ती कण्हत सोसत होती. वैशाखातल्या एका सकाळी दहाच्या सुमाराला, येळवणच्या उतारावर, पुढचा जोड तुटला आणि गाडी, माणूस दोन्ही खाली गेले. गाडी वर, गुडघा खाली. पठारावर त्या भागात फोन लागत नाही. बाराला संग्राम त्या वाटेने आला.

“आलास,” धैर्यशील म्हणाला. ओठ पांढरे. “मला वाटलंच, तूच येशील.”

पायथ्याशी रुग्णवाहिका येऊ शकत होती, वर नाही. संग्रामने त्याला उचलून पठारीवर बसवलं. परतवाट लागली असती तर पाऊण तासात स्कूटरने त्याला एकटीने खाली नेलं असतं. हँडलवर आडवा पडला असता तरी चाललं असतं. तिला फक्त माणूस ओळखीचा हवा होता.

अनोळखी भार.

संग्रामने बटण परत दाबलं. परत तेच. त्याने नायट्रोजनचा डबा काढून फेकला. धैर्यशीलच्या चपला काढल्या, पट्टा काढला, खिशातला फोन काढला. मग तो थांबला. उरलेलं वजन काढता येण्यासारखं नव्हतं, आणि ते कुणी घातलं हे पठारावर त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

बंद स्कूटरला पाठीमागून धरून, उतारावर रोखत, त्याने ती तीन तास खाली उतरवली. तेरा किलो जास्तीचे होते. त्यांतला खरवस कुठला, काकवी कुठली, त्याच्या हातांना कळत होतं.

“तुजं उपकार फेडायचं कसं रं?” धैर्यशील मध्येच म्हणाला. “आठवड्याला जेवू घातलंस, आन् आता ह्ये.”

“बोलू नगंस. दम राख.”

कोल्हापूरला पोचेपर्यंत सात तास होऊन गेले होते. गुडघ्यामागची रक्तवाहिनी दबली होती. डॉक्टर म्हणाले, “सहाच्या आत आणला असता तर पाय राहिला असता.” गुडघ्याखालून पाय काढला.

महिन्याने खांबेटेबाई भेटायला आल्या. खाटेपाशी संग्राम बसला होता, रोज बसायचा. सगळा वॉर्ड त्याला भाऊच समजत होता. बाईंनी तक्ता पाहिला. पाय गेला, आजारात आणखी सहा किलो उतरले. वजन एकशे अठरा.

“मगदूम, एक सांगू?” बाई उजळून म्हणाल्या. “कृत्रिम पाय लागला की तुम्हाला तीच पठारी देता येईल. वजन जुळतंच आहे. तोल एका अंगाला जाईल, तेवढं दुरुस्त करता येतं. फक्त वजन एवढंच राहायला हवं. आणि पोवारांना मी नवीन देईन, मोठ्या सांगाड्याची.”

धैर्यशीलने संग्रामकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. “बसंल का रं मला तुजी गाडी?”

“बसंल की,” संग्राम म्हणाला. “तुला आधीपास्नं बसतीया.”

मोठी, नवी स्कूटर, पोटभर जेवण, आणि मित्राला परत कामावर जाता येईल: तिन्ही गोष्टी त्याच्या पुढ्यात आल्या होत्या, आणि नाकारण्यासारखं एकही कारण नव्हतं. तो घरी आला तेव्हा पल्लवी दळण निवडत होती.

“डिंकाचं लाडू कर,” तो म्हणाला. “तूप सढळ घाल. आजारी माणूस हाय, ताकद भरून याया पायजे.”

पल्लवीच्या हातातलं सूप थांबलं. मग ती उठली आणि डब्यातला गूळ काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा धैर्यशीलच्या उशाशी गेला. आता शेवटची बेरीज. संग्राम: आठ किलो कमी, गुडघा बरा, स्कूटर जागच्या जागी. धैर्यशील: एक पाय. स्कूटर: ओळखीत एका ग्रॅमचाही फरक नाही. लाडवांचा डबा: तीन किलो, आणि धैर्यशीलने झाकण उघडून पहिला लाडू मोडला.