नेटवर्क: वरची खोली

अकाउंटंटबाईंचा प्रिंटर चालेना, म्हणून सकाळी आल्या आल्या तिला हाक पडली. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तीच सांभाळायची. प्रिंटर धड होता. पण पडद्याच्या कोपऱ्यात, जिथे ऑफिसच्या नेटवर्कचं नाव दिसायला हवं, तिथे भलतंच नाव होतं.

‘वरची खोली’.

“आम्हाला वर पाठवायचा विचार दिसतोय तुमचा,” बाई म्हणाल्या.

तिला हसू आलं नाही. बाबा अंथरुणाला खिळल्यावर त्यांच्या खोलीत तिनेच राउटर बसवला होता. ऑफिसातून अधूनमधून त्यांच्या कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यातून त्यांना बघता यावं म्हणून. हे नाव त्यांनी दिलेलं. ते गेले आणि महिना उलटायच्या आत भावाने घर विकलं. तिच्या वाट्याला बाबांचा चष्मासुद्धा आला नाही.

अशी चूक होते कधीकधी. सुरू होताना सर्व्हरने वेळेत ओळख दिली नाही, की कॉम्प्युटर दुसरंच नाव धरून बसतो. तिने सर्व्हरचा पत्ता तपासला, नेटवर्क ओळखणारी सेवा बंद करून पुन्हा सुरू केली. नाव बरोबर आलं. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर ‘वरची खोली’ उमटलं. ते सुधारलं, तर त्याच्या शेजारी. दुपारपर्यंत ते नाव टेबलामागून टेबल घेत तिच्या जागेकडे सरकत आलं.

तिने भावाला फोन लावला.

“दादा, बाबांच्या खोलीतला राउटर कुठाय?”

“भंगारात. का, त्यातही वाटणी हवीय?”

“कुणी चालू नाही ना केला?”

“अगं, खोलीच कुठे राहिलीय? नव्या मालकाने वरचा मजला पाडला. कामात लक्ष घाल जरा, बरं वाटेल.”

आता नाव तिच्याच पडद्यावर होतं. तिने केबल उपटली. नाव गेलं नाही. जोडलेल्या कॉम्प्युटरांच्या यादीत एकच होता, बाबांचा. समोरचा कॉम्प्युटर चालू आहे का हे बघायला देतात तशी तिने त्याला नेटवर्कवरून हाक देऊन पाहिली. लगेच उत्तर आलं. पुन्हा दिली. पुन्हा लगेच, वाट बघत बसल्यासारखं.

“झालं का हो?” बाईंनी विचारलं. “संध्याकाळपर्यंत नाही झालं तर साहेब बाहेरचा माणूस बोलावणार आहेत.”

“एकच राहिलाय. माझा.”

नाव पुसायला एक बटण पुरे होतं. पुसलं की बाबांकडे जाणारी उरलीसुरली वाटही बंद. तिने बोट ठेवलं, आणि नवं नेटवर्क भेटल्यावर येते तशी चौकट उघडली.

या नेटवर्कवरच्या इतरांना तुम्ही दिसावं का?

इथे तरी ती कुणाला दिसत होती? बाबा गेल्यावर एकानेही धड विचारपूस केली नव्हती.

तिने ‘होय’ दाबलं.

यादीत बाबांच्या खाली तिचं नाव आलं.

बाई पर्स घेऊन निघाल्या होत्या.

“झालं, बाई.”

बाई थांबल्या. तिच्या टेबलापाशी आल्या. तिच्या खांद्यावरून हात लांबवून त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा मंदावत गेला.

“रिकाम्या टेबलावर कशाला चालू ठेवतात, कोण जाणे,” त्या पुटपुटल्या, आणि दिवाही घालवला.