जिवतीच्या कहाणीतला हुंकार

जिवतीसमोर हात जोडून सांगते, यात माझ्या पदरचं काहीच नाही.

मागच्या श्रावणातला शुक्रवार. धामणगाव बढे. भर दुपार.

सुचिता माझी मावसबहीण. तिचा नवरा गोकुळ वरातीत बँजो वाजवतो. पुण्यात गाणी करणाऱ्या इराशी त्याची फोनवर ओळख झाली. तिची गाणी ऐकताना मिटल्या डोळ्यांपुढे रंग तरंगतात. दोघांनी मिळून अल्बम करायचं ठरवलं. गोकुळ जुन्या टेपवर बँजो भरून पाठवायचा, इरा त्यावर आपले सूर चढवायची.

"खरखर राहू द्या दादा, तीच गावाची गोडी," म्हणायची.

तिला बँजोच्या सुरांखाली गोकुळच्या आईच्या, गोजरबाईंच्या, आवाजातली जिवतीची कहाणी हवी होती.

लेकरांसाठीचं व्रत ते. समोर कोणी अक्षता घेऊन बसतं, हुंकार देतं. कहाणी अर्धी सोडत नाहीत.

"माय, हुंकार नको. गाण्यात आडवा येते," गोकुळ म्हणाला.

"अन् आयकन कोण? भिताडं?"

"टेप आयकते न!"

गोजरबाई हसल्या. दार लोटून एकट्याच बसल्या. सुचिता लेकीला, छकुलीला, मांडीवर घेऊन बाहेर ओट्यावर होती.

संध्याकाळी टेप लावली. पहिलं वाक्य संपलं...

"हूं."

खोल. कोरडा.

घरातल्या कोणाचाच नव्हता.

गोकुळनं तसंच पाठवलं. इरा खूश. "हुंकारच गाण्याचा जीव आहे! मी कहाणीचा शेवट कापलाय. ती गोल फिरत राहते, संपतच नाही."

"कहाणी अर्धी नाही सोडत," सुचिता गोकुळला म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी छकुली अक्षता घेऊन आजीसमोर बसली. कहाणी शेवटाला आली... आणि गोजरबाई परत सुरुवातीला गेल्या.

पुन्हा तेच.

"पुढचं आठवूनच नाही राह्यलं वं मले..."

त्या थांबल्या.

छकुलीचा श्वासही थांबला. डोळे उघडेच.

"सांगा आत्याबाई! थांबू नका!" सुचिता सासूला ओरडली.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. श्वास परत आला.

गोकुळनं मूळ कॅसेट लावली. तिला कोणी हात लावला नव्हता. शेवटाच्या जागी... नुसती खरखर.

डॉक्टर झाले. शेगावला नेलं, तेही कहाणी सांगत सांगतच. आता सासू-सून पाळीपाळीनं सांगतात. घसे सुकले की मोबाइलवर इराचं गाणं लावतात.

तेवढ्यावर लेकरू जगतंय.

मी वर्षानुवर्षं हे व्रत करते. शेवट मला पाठ. म्हणून गेले. छकुलीसमोर बसले. त्या जागेपर्यंत आले...

पुढे काहीच नाही.

घाबरून सुरुवातीला गेले.

"हूं."

छकुलीचे ओठ मिटलेले होते.

आज सकाळी सुचिताचा फोन आला. मागे तेच गाणं.

"ताई, कालपासून लाइट नाही. दोन्ही मोबाइलची बॅटरी उतरून राह्यली. आत्याबाईचा घसा बसला, माहाही आवाज जाऊन राह्यला. तू सांगतं का फोनवरून?"

मी सांगायला लागले. पलीकडून हुंकार येत राहिला.

मग फोन बंद पडला.

हुंकार थांबला नाही... माझ्या देवघरातून येत होता.

सुचिताचा फोन अजून लागत नाही.

मी सांगतेच आहे.