मागे, गरम

मंगळवारी हॉटेल बंद असायचं. सहा दिवस चुलीसमोर उभं राहिलेल्या माणसांना सातव्या दिवशी काय करावं ते सुचत नाही, आणि मग ज्याचं त्याचं वेड बाहेर पडतं. वेटर दुसऱ्या हॉटेलात जाऊन तासभर बसायचा, एकच कॉफी मागवायचा आणि तिथल्या वेटरला तीनदा पाणी आणायला लावायचा. भांडी घासणारा त्या दिवशी अंघोळही टाळायचा, हातांना पाणी नको म्हणून. भट्टीवाला तळ्याकाठी झाडाखाली आडवा पडून राही. आणि सांडशी दहाला उठून, गुळगुळीत दाढी करून, बहिणीच्या घरी आपल्या लेकीला भेटायला जाई.

सांडशी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लांब पाय, नसल्यासारखी कंबर आणि एकदा धरलं की न सोडायचा स्वभाव, यावरून स्वयंपाकघरानेच त्याचं बारसं केलं होतं. ओघाने त्याची नऊ वर्षांची लेक चिमटी झाली. बायको गेल्यापासून पोर ताईकडे वाढत होती. दिवसभर चुलीशी असणाऱ्या बापाला ते जमणार नव्हतं. मंगळवार तेवढा बापलेकीचा. काही हवं असलं की चिमटी विचारायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत थांबायची. तो "नको" म्हणाला तर नको. गप्प राहिला तर हो. "बाबा गप्प म्हणजे हो" हा तिचा कायदा होता, आणि या कायद्याने तिने त्याला आइस्क्रीमपासून रोलर स्केट्सपर्यंत बरंच लुटलं होतं.

दुसरा कायदा सांडशीने तिला शिकवला होता. तो स्वयंपाकघराचा होता. ओटा आणि चुली यांच्यामधली गल्ली दोन माणसं जेमतेम जातील एवढीच. कुणाच्या पाठीमागून जायचं असेल तर आधी बोलायचं, "मागे." हातात तापलेलं काही असेल तर "मागे, गरम." पुढच्याने वळून बघायचं नाही. कोपरं अंगाशी घ्यायची, ओट्याला चिकटायचं आणि जाणाऱ्याला जाऊ द्यायचं. बोलणाऱ्याने बोलायचं आणि ऐकणाऱ्याने वळायचं नाही, एवढ्यावर तिथे सगळ्यांची कातडी शाबूत होती. चिमटी घरात चहाची किटली नेतानाही "मागे, गरम" ओरडायची आणि ताई हसत भिंतीला चिकटायची.

सांडशीला हा नियम मामांनी शिकवला होता. मामा म्हणजे सूपच्या पातेल्यांचे मालक. तीस वर्षं तेच काम, तोच कोपरा, कमरेला तोच निळा पंचा. अख्ख्या हॉटेलचे ते मामा होते. आणि तीन महिन्यांपूर्वी उकळत्या सूपचं भरलेलं पातेलं मामांच्या अंगावर सांडलं.

तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सांडशी ओट्याशी कांदा कापत होता. वेटरने खिडकीतून डोकं घालून त्याच्या कंबरेवर काहीतरी विनोद केला. त्याच वेळी मागून मामांचा आवाज आला. त्या आठवड्यात त्यांचा घसा बसला होता, आवाज खरखरीत, पुसट होता, पण आला. "मागे, गरम." सांडशीने तो ऐकला. आणि तरीही वेटरला उत्तर द्यायला तो गर्रकन वळला, कारण फुकटचा टोमणा खाऊन गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. कोपर पातेल्याला लागलं.

हॉटेलच्या मालकांनी विचारलं, "मामा बोलले नव्हते का रे?"

वर पंखा घोंघावत होता. दुसऱ्या कुणाला काही ऐकू गेलं नव्हतं. सांडशी म्हणाला, "नाही. बोलले नाहीत."

झालं. मामांनी तीस वर्षांत कमावलेलं नाव त्या तीन शब्दांनी घालवलं. मालकांनी भिंतीवर खडूने लिहवून घेतलं, "बोला, नाहीतर भाजाल." नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मामांची गोष्ट सांगितली जाऊ लागली. सांडशीने तीच गोष्ट चिमटीलाही सांगितली, धडा म्हणून. "एक मामा होते, एकदा बोलायला विसरले." तिने डोळे मोठे करून ऐकली, आणि त्याला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली.

मामा वाचले. पण दवाखान्यातून घरी आले ते मुके होऊन. घशाला काहीही झालेलं नाही, असं डॉक्टर सांगत. सांडशी त्यांना भेटायला गेला नव्हता. आज जाऊ, उद्या जाऊ करत तीन महिने गेले.

पहिल्यांदा ते झालं लॉन्ड्रीच्या रांगेत. मंगळवारची दुपार. कपड्यांचं गाठोडं पोटाशी धरून सांडशी उभा होता. मागून कुणीतरी पुसटसं म्हणालं, "मागे, गरम." त्याची कोपरं आपोआप अंगाशी आली, तो काउंटरला चिकटला. शेजारच्या बाईंनी पिशवी घट्ट धरून त्याच्याकडे बघितलं. तो ओशाळून हसला. जित्याची खोड, दुसरं काय. अकरा वर्षं ऐकलेली हाक कानात राहणारच.

पुढच्या मंगळवारी शाळा सुटायला वेळ होता, म्हणून तो दुपारच्या सिनेमाला गेला. हॉटेलातली माणसं त्या खेळाला सिनेमा बघायला जातच नाहीत, झोपायला जातात. थंड अंधार, मऊ खुर्ची, आणि कुणी ऑर्डर देत नाही. तो सगळ्यात शेवटच्या रांगेत बसला होता. पाठीशी भिंत. डोळा लागतोय तोच कानाशी आवाज आला. "मागे, गरम."

या वेळी आवाज ओळखू आला. बसलेला घसा, शेवटचं अक्षर श्वासात विरलेलं. मानेवर वाफ यावी तसा ऊन स्पर्श झाला. सांडशी खुर्चीत दोन्ही कोपरं आवळून बसून राहिला, पुढच्या खुर्चीला गुडघे टेकवून. थोड्या वेळाने त्याने हात मागे नेऊन भिंत चाचपली. भिंत गार होती. त्याच्या शर्टाची कॉलर मात्र ओली होती.

चोराच्या मनात चांदणं, असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस झोपेत घामाघूम होतोच.

तिसऱ्या मंगळवारी तो ताईच्या स्वयंपाकघरात कपबशा विसळत होता. चिमटी टेबलाशी गृहपाठ करत होती. गॅस बंद होता. अचानक खोलीत मिरी आणि उकळलेल्या कांद्याचा वास भरला, मामांच्या कोपऱ्यातला. समोरच्या खिडकीची काच हळूहळू धुरकट झाली.

"मागे, गरम."

तो ओट्याला चिकटला. मागून काहीतरी जड, सावकाश, पाय घासत गेलं. दाराशी ते थांबलं, तिथून परत फिरलं आणि पुन्हा त्याच्या पाठीमागे येऊन उभं राहिलं.

"बाबा, तू असा का उभा आहेस?" चिमटीने विचारलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. काचेवरून पाण्याचे ओघळ खाली येत होते.

दुसऱ्या दिवशी वेटर म्हणाला, "मामींनी तुला बोलावलंय. मी जातो अधूनमधून. मामांना मंगळवारी काहीतरी होतं म्हणे. तू ये एकदा. त्या दिवशी शेजारी तूच होतास ना."

पुढच्या मंगळवारी शाळेला सुट्टी होती आणि ताईला बाहेर जायचं होतं, म्हणून चिमटी बरोबर आली. खरं तर ती हट्टानेच आली. बोलायला विसरलेले मामा तिला बघायचे होते.

मामा तिसऱ्या मजल्यावर राहत. जिना अरुंद, स्वयंपाकघरातल्या गल्लीएवढाच. मामींनी दार उघडलं. खोलीत खिडकीशी एका खुर्चीत मामा बसले होते. गळ्यापासून छातीपर्यंतची कातडी चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती. "मामा, कसे आहात?" एवढंच सांडशीला सुचलं. मामांनी त्याच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, काहीतरी मागत असल्यासारखं.

"बसा. दोन वाजतील आता," मामी म्हणाल्या.

दोन वाजले आणि मामांचे हात वर आले. कोपरात वाकलेले, मुठी वळलेल्या, दोन्ही मुठींत पातेल्याच्या कड्या असाव्यात एवढं अंतर. दंडाच्या शिरा तटतटल्या. कपाळावर घाम आला. ओठ हलू लागले, आवाज मात्र नाही.

"असं तास तास चालतं," मामी म्हणाल्या. "फक्त मंगळवारी. तुमची सुट्टी असते ना, त्या दिवशी. सुरुवातीला मी हात धरून खाली करायला बघितलं. होत नाहीत हो. खरंच जड आहे काहीतरी. मी विचारते, कुठे ठेवायचंय, सांगा, मी जागा करते. तर नुसते दाराकडे बघतात."

चिमटी सांडशीला बिलगली होती. तिची नजर मामांच्या मुठींवरून हलत नव्हती.

"तुम्हाला एक विचारू का?" मामींनी पदराने मामांचं कपाळ पुसलं. "मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण तीस वर्षांत हा माणूस एकदाही न बोलता कुणाच्या मागून गेला नाही. घरातसुद्धा नाही. ते खरंच बोलले नव्हते का हो? तेवढंच सांगा मला."

सांडशीने तोंड उघडलं. खरं काय ते अगदी जिभेवर आलं होतं. बोलले होते, मामी. मी ऐकलं होतं.

चिमटीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. हीच गोष्ट त्याने तिला झोपवताना सांगितली होती. तिच्या दृष्टीने बाबा कधी खोटं बोलत नव्हता. जगात एवढी एकच व्यक्ती होती जिला तसं वाटत होतं, आणि तिला गमवायची त्याची हिंमत झाली नाही.

"नाही, मामी," तो म्हणाला. "बोलले नाहीत."

मामांचे ओठ हलायचे थांबले.

त्यांनी सांडशीवरची नजर काढली आणि सावकाश चिमटीकडे वळवली. बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. हात तसेच वर होते.

"येतो आम्ही," सांडशी म्हणाला. मामींनी दार उघडून धरलं.

जिन्यात उजेड कमी होता. चिमटी पुढे, तो दोन पायऱ्या मागे. वरचं दार बंद झाल्याचा आवाज आला. त्याला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चिमटी एकदम थांबली, आणि तो तिच्या पाठीशी येऊन ठेपला.

तिने कोपरं अंगाशी घेतली आणि भिंतीला नाक लावून उभी राहिली.

सांडशीला काहीच ऐकू आलं नव्हतं.

त्याला विचारायचं होतं, काय झालं गं. पण त्याआधीच त्याचे हात वर आले. कोपरात वाकले. बोटं आपोआप मिटली, आणि मुठींत तापलेल्या लोखंडाच्या कड्या आल्या. मुठींत दिसत काहीच नव्हतं. खांद्यांतून कळ गेली. इतकं जड त्याने आयुष्यात उचललं नव्हतं. तोंडावर वाफ आली, मिरीची आणि कांद्याची.

पाय मागे घेता येईना. मुठी उघडेनात.

"कुणीतरी म्हणालं, मागे, गरम," भिंतीकडे तोंड करून चिमटी कुजबुजली. "ते अजून गेले नाहीत, बाबा. माझ्या मागेच उभे आहेत."

तिच्या मानेवरचे बारीक केस ओले होऊन कातडीला चिकटले होते. तिच्या आणि त्याच्यामध्ये दुसरं कुणीही नव्हतं.

वर दार धाडकन उघडलं. मामींचा रडता हसता आवाज जिन्यातून खाली आला, "अहो, ऐकलंत का! बोलले हे! हात खाली आले यांचे!"

सांडशीने जिवाच्या आकांताने ओरडायचा प्रयत्न केला. ओठ हलले. घशातून नुसती हवा आली.

"बाबा," चिमटीने विचारलं, "मी वळून बघू?"

ती उत्तरासाठी थांबली. नेहमी थांबायची तेवढीच थांबली.

बाबा गप्प होता.

"बरं," ती म्हणाली, आणि तिने भिंतीवरचा हात काढला.