चौथी थाप

ट्रेलर ओढणं हे दोन माणसांचं काम असतं. ओढते गाडीच, पण निघण्याआधी एकाने स्टिअरिंगवर बसायचं आणि दुसऱ्याने मागे उभं राहायचं, अशी रीत आहे. पुढे बसलेला डावा दिवा लावतो आणि मागे उभा असलेला ओरडतो, "डावा!" मग उजवा, मग ब्रेक. गाडीत बसलेल्याला मागचे दिवे कधीच दिसत नाहीत. मागच्याच्या शब्दावर भरवसा ठेवून निघायचं असतं.

सोल्वेग आणि बाल्दुर हाल्डोरसन हे नवराबायको तर ओरडतही नसत. विनिपेग सरोवराच्या काठी वारा असा, की तोंडातला शब्द तोंडातच राहतो. म्हणून सोल्वेग ट्रेलरच्या पाठीवर तळहाताची थाप मारायची. डाव्याला एक, उजव्याला दोन, ब्रेकला तीन. मागच्या सीटवरची त्यांची लहानगी थोरा मोठ्याने मोजायची आणि बाल्दुर खिडकीतून अंगठा दाखवायचा. घराघरांत असतात तशी ही त्यांच्या घरापुरती खूण होती.

ट्रेलर फायबरचा होता, अंड्यासारखा गोल. दोन मोठ्या पराती एकमेकींवर पालथ्या घालाव्यात आणि सांध्यावर पट्टी मारावी, तसा. आत दोघं सुखाने झोपतील, तिसरा आला तर पुढच्या अरुंद फळीवर. बाल्दुरने तो एका शेतकऱ्याच्या कोठारामागून आणला तेव्हा आत कोंबड्या नांदत होत्या. त्याआधी तो कुणाचा होता, हे त्या शेतकऱ्यालाही ठाऊक नव्हतं. बाल्दुरने एकेक रिव्हेट काढून नवा बसवला, गळती बुजवली, आणि दर वसंतात दोघं मिळून त्याला मेण चोळायची. पोटच्या पोराला एवढं न्हाऊमाखू घातलं नसेल, असं थोरा म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

बाल्दुर जानेवारीत गेला. जाण्याआधीच्या शरद ऋतूत तो अंगणात घडीच्या खुर्चीवर बसून राहायचा आणि सोल्वेगकडून ट्रेलर जोडून घ्यायचा, सोडवून घ्यायचा, पुन्हा जोडून घ्यायचा. "डोक्याला शिकवू नकोस, हातांना शिकव," तो म्हणायचा. "डोकं दगा देतं." त्याच्या मनात काय होतं ते तिला कळायचं. तिच्या आईने शेवटच्या वर्षांत चादरींच्या कप्प्यात मासे ठेवले होते.

ऑगस्टमधल्या त्या सकाळी थोरा मुद्दाम आली होती. ट्रेलर जोडून होईपर्यंत ती हाताची घडी घालून उभी राहिली.

"आई, ही एक ट्रिप," ती म्हणाली. "नीट जाऊन नीट आलीस, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पण काही विसरलीस, तर ट्रेलर विकायचा आणि पिकअपची किल्ली माझ्याकडे द्यायची. कबूल?"

"तू माझी आई आहेस का गं?"

"तुझी आई शेवटी कशी होती, ते आठवतंय ना? या उन्हाळ्यात दोनदा किटली जाळलीस तू."

"मला सगळं आठवतं. तू शाळेत जायला लागल्यावरही अंथरूण ओलं करायचीस, तेही आठवतं. सांगू तुझ्या नवऱ्याला?"

थोराने हसू दाबलं आणि मागे जाऊन उभी राहिली. डावा, उजवा, ब्रेक, सगळे लागले. सोल्वेगने उतरून जोडाच्या कुलपाची पिन डावीकडून घातली. बाल्दुर डावखुरा होता, त्याने तशीच शिकवली होती. मग साखळ्या खालून एकमेकींवर ओलांडून अडकवल्या आणि ती निघाली. किल्लीसाठी भीक मागायची वेळ आपल्यावर येऊ द्यायची नाही, एवढंच तिच्या मनात होतं. गाडी गेली की बाई खिडकीशी बसून दुसऱ्याच्या सवडीची वाट बघत राहते. तसं जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिचं स्पष्ट मत होतं.

उत्तरेला जंगलं पेटली होती. भरदुपारी सूर्य तांबडा दिसत होता आणि गाड्या दिवे लावून चालल्या होत्या. काचा बंद असूनही जळक्या लाकडाचा वास आत आला होता, घशात बसला होता. सोल्वेग आरशात बघत होती. ट्रेलरला पुढे एक खिडकी असते, मागे एक. पडदे बांधून ठेवले की आरपार मागचा रस्ता दिसतो. त्या दोन खिडक्यांतून तिला मागच्या ट्रकचे दोन पिवळे दिवे दिसत होते.

मग ते दिसेनासे झाले. बाजूच्या आरशात ट्रक होता तिथेच होता. आतल्या आरशात, खिडक्यांमधून, मात्र नुसता काळोख... क्षणभराने दिवे परत दिसू लागले, आधी एक, मग दुसरा. जणू मधून कुणी सावकाश सरकलं.

"पडदा सुटला," ती स्वतःशीच म्हणाली.

वाटेत मेट्रोच्या पेट्रोल पंपावर थांबून तिने ट्रेलरमध्ये डोकावलं. दोन्ही पडदे घट्ट बांधलेले होते.

मेट्रो हा बाल्दुरचा जुना दोस्त, युक्रेनियन म्हातारा. ट्रेलरच्या बेअरिंगला ग्रीस भरायचा मान दरवर्षी त्याचा. त्याने खाली बसून चाकाच्या मधोमध हात ठेवला. "एकदम गार, वहिनी. माझी बायको रुसल्यावर असते तितकं." मग पुढे येऊन तो थबकला. "हे काय, पिन उजवीकडून? बाल्दुरने पाहिलं असतं तर पुन्हा एकदा मेला असता!"

सोल्वेगने पाहिलं. पिनेची कडी उजवीकडे होती.

"घाईत घातली असेल," ती म्हणाली. पण आपण डावीकडून घातली होती याची तिला खात्री होती. होती ना? थोरा समोरच उभी होती. की तो हात मागच्या शरदातला, बाल्दुर खुर्चीत बसलेला असतानाचा? ती आठवायला गेली आणि दोन्ही सकाळी एकमेकींत मिसळल्या. तिने पिन काढून पुन्हा डावीकडून घातली आणि मेट्रोला म्हणाली, "थोराला सांगू नका हं भावजी."

"मी काय बघितलंच नाही," मेट्रो म्हणाला.

मुक्कामाच्या तळावर धुरामुळे चिटपाखरू नव्हतं. सोल्वेगने चाकांखाली ठोकळे लावले, फळी घालून ट्रेलर समपातळीत आणला, पिकअपपासून सोडवला आणि नळावर पाणी आणायला गेली. परत येऊन दार उघडलं तर पुढच्या अरुंद फळीवर खोकी नव्हती. त्या फळीवर कधीच कुणी झोपत नसे, तिथे खोकी ठेवलेली असत. आता खोकी खाली रांगेत लावलेली होती. फळीवर घोंगडी अंथरली होती आणि उशीला मधोमध खळगा पडला होता.

पाण्याची बादली हातात धरून ती नुसती उभी राहिली. हे मी केलं? पाणी आणायला जायच्या आधी? खोकी उचलल्याची आठवण हातांना असायला हवी होती, पण हात गप्प होते. आईलाही असंच वाटलं असेल का, कप्पा उघडून मासे बघताना?

आणि मग तिला दुसरा एक विचार सुचला. तो इतका गोड होता की तिने बादली खाली ठेवली.

"बाल्दुर?" ती म्हणाली. "तूच आहेस ना रे...?"

थाप आली. एकच. कुठल्या बाजूने ते कळेना. त्या गोल घराला कोपरे नाहीत, आवाज सगळीकडून सारखाच येतो.

सोल्वेग मटकन खाली बसली आणि रडली. सात महिन्यांत इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं. "मेल्या, घाबरवलंस की," ती म्हणाली. तिने डब्यातून सुक्या आलुबुखाराचा थरांचा केक काढला, दोन तुकडे कापले, एक फळीपाशी ठेवला आणि आपला खात खात त्याला थोराच्या कागाळ्या सांगत बसली. ती वेडी झाली असेल तर होऊ दे, पण एकटी नव्हती.

संध्याकाळ व्हायच्या आतच तळाची रखवालदारीण जीप घेऊन आली. "बाई, वारा फिरलाय! आग इकडे येतेय. आवरा आणि निघा, ताबडतोब!" एवढं ओरडून ती पुढच्या तळावर गेलीसुद्धा.

सोल्वेगच्या हातांनी बाकीचं केलं. ट्रेलर पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसवला, पिन डावीकडून, साखळ्या ओलांडून. दिव्यांच्या प्लगला बोटाने ग्रीस लावलं आणि खट् वाजेपर्यंत आत दाबला. ग्रीसचा वास बोटांना लागला. मग ती गाडीत बसली आणि थांबली. मागे उभं राहायला कुणीच नव्हतं. अशा धुरात मागचे दिवे बंद असले तर पाठीमागचा सरळ अंगावर येईल.

तिने काच खाली केली. डावा लावला. "बाल्दुर...?"

एक थाप.

उजवा. दोन थापा.

ब्रेकवर पाय. तीन.

तिने खिडकीतून हात काढून अंगठा दाखवला. त्या क्षणी तिला कशाचीच भीती नव्हती.

रस्त्यावर धूर भिंतीसारखा उभा होता. ती जपून चालली होती, एवढ्यात मागून हॉर्न वाजला, असा की काळजाचं पाणी व्हावं. टायर किंचाळले. एक ट्रक तिला घासून बाजूने पुढे आला. ड्रायव्हर काच खाली करून ओरडला, "अहो बाई, मागे एक तरी दिवा लावा! चढलो असतो ना तुमच्यावर!"

"लावलेत!" ती ओरडली. "सगळे लावलेत!"

"डोंबल लावलेत!" असं म्हणून तो धुरात निघून गेला.

मेट्रोच्या पंपावर पळून आलेल्या गाड्यांची गर्दी होती. त्यात थोराची गाडी होती. बातमी ऐकून ती तशीच निघाली होती. तिने आईला घट्ट मिठी मारली, मग ट्रेलरच्या मागे गेली, मग पुढे आली, आणि तिचा चेहरा पडला.

"आई... तू प्लग लावलाच नाहीस."

प्लग बाहेर होता. नुसता निसटलेला नव्हता. वायरीचं नीट वेटोळं करून, सुतळीने बांधून ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर ठेवलेलं होतं. आणि पिनेची कडी उजवीकडे होती.

सोल्वेगने बोटं नाकाशी नेली. ग्रीसचा वास येत होता.

बाल्दुर जन्मात कधी उजव्या हाताने पिन घालणार नाही. आणि बिनदिव्याचं तिला रस्त्यावर पाठवणार नाही. डावा लागला, उजवा लागला, ब्रेक लागला, असं ज्याने सांगितलं तो बाल्दुर नव्हता. मग ती दुपारभर कुणाशी बोलत होती? केकचा तुकडा कुणापुढे ठेवला?

सांगावं तरी काय? विसरले म्हणावं, तर किल्ली जाणार. मी लावला होता, कुणीतरी काढला म्हणावं, तर किल्ली जाणारच, वर डॉक्टर. इकडे आड, तिकडे विहीर. आणि विसरलेच असले तर? वास सकाळचाही असेल. तिला आता काहीच सांगता येईना.

तिने किल्ली पुढे केली. "घे. कबूल केलं होतं."

थोराने डोळे पुसत किल्ली घेतली, पिन काढून डावीकडून घातली, प्लग लावला आणि पिकअपमध्ये बसली. "मागे उभी राहा, दिवे बघू!"

सोल्वेग आपल्या जुन्या जागी उभी राहिली. डावा दिवा लागला. तिने हात उचलला, पण मारवेना. हात तसाच हवेत राहिला.

एक थाप आली... आतून.

उजवा. दोन.

ब्रेक. तीन. तळहाताएवढ्या जागेत फायबर थरथरलेलं तिला दिसलं. तिच्याच उंचीवर. मग जरा थांबून, हलकेच, आणखी एक.

थोरा उतरून धावत आली. ती रडत होती आणि हसतही होती. "आई, अगं थापा! मी साफ विसरले होते, आणि तुला आठवतात! डाव्याला एक, उजव्याला दोन..." तिने आईचे खांदे धरले. "मी पण काय बाई! आग मागे लागल्यावर प्लग कुणीही विसरेल. मीसुद्धा विसरले असते. घे ही." तिने किल्ली आईच्या मुठीत कोंबली. "तूच ने घरी. मी मागे आहे."

किल्ली गरम होती. सकाळपासून सोल्वेगला हेच हवं होतं.

"पण काय गं," थोरा म्हणाली, "ब्रेकच्या तीन झाल्यावर ती चौथी थाप कशाची?"

सोल्वेगने ट्रेलरकडे पाहिलं. मग मुठीकडे.

"चौथी म्हणजे... निघू या," ती म्हणाली.

"बाबा असताना नव्हती ही."

"नाही. ही नवीन आहे."

थोरा आपल्या गाडीकडे गेली. सोल्वेग पिकअपमध्ये चढली, किल्ली फिरवली आणि आरशात पाहिलं. दोन खिडक्यांच्या आरपार थोराच्या गाडीचे दोन दिवे लागले. मग डावा झाकला गेला. मग उजवा.

आणि तिच्या पाठीशी, सावकाश, चार थापा पडल्या.