रविवारच्या आत फरशी

चार दिवसांनी एकदा नळ येणाऱ्या गावात, फरशीच्या दुकानात बाटलीभर पाणी ओतणारी मुलगी मीच. चपला काढून ओल्या फरशीवर पाय घासून बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

“अहो मॅडम, सध्या तीर्थ आहे ते! सांडताय काय?”

“आणि घरात घसरून पडले तर तुम्ही उचलणार का?”

“उचलीन की... त्यात काय लई अवघड!”

अगं बाई, आगाऊ कुठला! हा विश्वजित, सिल्लोडचा, फरशी बसवायची कामं घेणारा. गावाबाहेर बांधलेल्या आमच्या नव्या घराचं काम बाबांनी नेमकं त्यालाच दिलं.

“रविवारच्या आत हॉल झाला पाहिजे,” बाबा म्हणाले. “सावनीला बघायला पुण्याचे पाहुणे येणार आहेत.”

विश्वजितच्या हातातली रबरी हातोडी थांबली. रोज त्याला चहा नेऊन देता देता माझंही मन त्याच्यात गुंतलं होतं. मला पुणं नको होतं... मला हा आगाऊच हवा होता!

फरशी नाणं वाजवून तपासतात. बद्द वाजली की खाली पोकळी – ती उखडून परत बसवायची, आणि दोन दिवस तिच्यावर पाय ठेवायचा नाही. गुरुवारी मी नाणं घेऊन बसले.

“ही पोकळ आहे.”

चांगली खणखणीत वाजत होती! त्यानं माझ्याकडं बघितलं... आणि मुकाट्यानं उखडली. शुक्रवारी आणखी चार.

“तुमचे कान लई तिखट,” तो खाली मान घालून म्हणाला.

“तुमचे नाहीत वाटतं?”

“हायेत ना... म्हणून तर उखडतोय.”

माझे गाल असे तापले म्हणता! तो मात्र पुढची फरशी उखडायला वाकला.

शनिवारी बाबा आले. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेला माणूस. उखडायला काढलेल्या फरशीवर नाणं वाजवलं आणि भडकलेच.

“ही भरीव आहे! उखडतंय कोण?”

विश्वजित उभा राहिला. हात सिमेंटनं माखलेले.

“मीच, काका. फरशी ओली राहिली तर उद्या पाहुणे येणार नाहीत, म्हणून. मला सावनी आवडते. नुकसान माझं.”

“आणि पोकळ मी म्हणाले होते, बाबा,” मी बोलून टाकलं. “मलापण... आवडतो तो.”

बाबा एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी फोन लावला.

“नमस्कार... उद्या येऊ नका, फरशी ओली आहे.” पलीकडचं ऐकून घेतलं. “पुढच्या रविवारी? नाही हो, पुढच्या रविवारी सिल्लोडचे पाहुणे येतायत.”

विश्वजितला कळायला क्षणभर लागला. मग तो सरळ ओल्या फरशीवरून चालत माझ्याकडं आला.